टेकडीवरच्या दोघी

मालसुकच्या गुडघ्यांनी शेवटी संप पुकारला आणि टेकडीवरचे डबे सुनिमच्या गळ्यात पडले.

मुखो बंदराच्या त्या छोट्या चर्चमधल्या बायका दर मंगळवारी सकाळी तळघरातल्या स्वयंपाकघरात जमायच्या. मुळा चिरायचा, टोफू परतायचा, सुक्या माशाचं सार उकळायचं आणि जेवणवेळेच्या आत एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी डबे पोचवायचे. खाली बाजाराजवळची घरं सोपी होती. टेकडीवर मात्र गाडी जायची नाही. तिथे पायऱ्याच चढायच्या, आणि समुद्रावरचा वारा असा वर ढकलायचा, की चढताना बरं वाटावं आणि उतरताना जीव मुठीत धरावा.

"सगळ्यात वरचं घर ओकदान आजीचं," मालसुकने लसूण सोलता सोलता सांगितलं. "तोंडाची फटकळ आहे, मनावर घेऊ नकोस. पहिल्या दिवशी मला म्हणाली, मी बुद्धाच्या देवळात जाणारी, तुमच्या येशूचं मला काही नको. पण मुळ्याची भाजी तेवढी ठेवून जा."

"एकटीच असते?"

"एक भाडेकरीण आहे म्हणे. मी कधी आत गेले नाही बाई. दारातूनच डबा घेते ती."

सुनिमला बोलण्यापेक्षा काम बरं वाटायचं. मासळीबाजाराच्या मागे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न करून दूर देजॉनला होती. दिवसभर सुई-दोरा आणि मशीन, रविवारी चर्च, मंगळवारी दुकानाला सुट्टी आणि हे डबे. कुणी काही सांगितलं की "बरं" म्हणायचं आणि करून टाकायचं, असा तिचा स्वभाव. तिने "बरं" म्हटलं.

वरच्या घराचं दार एका ठेंगण्या, वाकलेल्या म्हातारीने उघडलं. आतून खणखणीत आवाज आला, "कोण आहे गं? गॅसवाला असेल तर सांग, मी मेले."

"चर्चची बाई आहे, ताई."

"मग जिवंत आहे म्हणावं. आणि आत घे तिला, दार उघडं ठेवून सगळी ऊब घालवू नकोस."

एकच खोली. एका कोपऱ्यातली जमीन खालच्या विस्तवाने तापलेली, त्यावर गोधडी आणि गोधडीत पाय घालून बसलेली ओकदान आजी. उंच हाडाची, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. ठेंगणीचं नाव बुनी. बुनीने डबा तिथेच उघडला आणि टोफूचा मोठा तुकडा ओकदानच्या वाडग्यात टाकला. ओकदानने तो उचलून परत बुनीच्या वाडग्यात टाकला.

"मला दात कुठे आहेत?"

"टोफूला दात लागतात होय, ताई?"

"तुला खायचं नसेल तर तसं सांग, मांजराला घालते."

तो तुकडा चार वेळा इकडून तिकडे गेला आणि शेवटी जेवायच्या काड्यांनी मधोमध तुटला. सुनिमच्या लक्षात आलं, एका माणसाच्या डब्यात दोघी जेवतात. पुढच्या मंगळवारी तिने न सांगता दोन डबे भरले. स्वयंपाकघरात कुणी हरकत घेतली नाही. पातेलं मोठंच होतं.

थंडी वाढत गेली तशी सुनिम त्या खोलीत जास्त वेळ बसू लागली. बुनी तिच्यासाठी कॉफीची पुडी फोडायची आणि पुडीच्याच कागदाने ढवळायची. कधी तिचे हात हातात घेऊन बोटं चोळून द्यायची. "सुई धरून धरून आखडलीत बघ. माझी माकुल मासळी चिरून चिरून वाकडी झाली. तुझी अजून सरळ होतील." सुनिमचे हात इतक्या सहज कुणी हातात घेतले नव्हते. आपल्या आईनेही घेतल्याचं तिला आठवत नव्हतं. बुनीसाठी तिने जुन्या लोकरीच्या कापडाची बंडी शिवली. ओकदान म्हणाली, "आणि मला? माझं काय कातडं बैलाचं आहे?" मग तिलाही एक शिवली.

ती बंडी द्यायला सुनिम गेली, त्या दिवशी दोघींचं एका उशीवरून जुंपलं होतं. गव्हाच्या कोंड्याची जुनी उशी. बुनी म्हणत होती, खोळ धुवायला हवी, द्या इकडे. ओकदान सोडायला तयार नव्हती.

"माझ्या नवऱ्याच्या कुशीत झोपलीस, आता माझी उशीपण पाहिजे का तुला?"

"ताई, पाहुणी बसलीये."

"बसू दे की! एवढी म्हातारी झालीस, अजून लाजतेस कसली?" ओकदान सुनिमकडे वळली. "ही भाडेकरीण-बिडेकरीण काही नाही गं. सवत आहे माझी. चर्चच्या बायकांपुढे कुठे पाढा वाचायचा, म्हणून आपलं भाडेकरीण म्हणते."

आणि ती हसली. बुनीही तोंडावर हात धरून हसली. सुनिमने कॉफीचा कप खाली ठेवला. दुकानात गिऱ्हाईक यायचं आहे, असं काहीसं पुटपुटून ती उठली. बंडी पिशवीतच राहिली, ती तिने दारातून मागे वळून जमिनीवर ठेवली.

सुनिम लहान असताना तिच्या बापाने बंदरापलीकडे दुसरं घर केलं होतं. पगार झाला की आई सुनिमला तिकडे पाठवायची, "जा, बापाला सांग घरात तांदूळ नाही." दार ती बाई उघडायची. चेहऱ्याला पावडर, अंगावर स्वच्छ ब्लाऊज. एकदा तिने सुनिमच्या हातावर चिक्की ठेवली होती. सुनिमला भूक लागली होती, तरी तिने ती तिच्या देखत गटारात टाकली. आई पन्नाशीतच गेली. शेवटच्या दिवसांतही दाराशी पाऊल वाजलं की मान वळवून बघायची, आणि नवरा नाही असं दिसलं की भिंतीकडे तोंड करायची. चर्चमध्ये क्षमेवर प्रवचन झालं की सुनिम सगळ्यांसारखी मान खाली घालायची. पण त्या बाईचं नाव तिने प्रार्थनेत कधी घेतलं नाही.

आता तिला वाटत होतं, आपण आपल्या हातांनी त्याच बाईला बंडी शिवून दिली.

पुढच्या मंगळवारी तिने वर एकच डबा नेला. आत गेली नाही. बुनीने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, मग सुनिमच्या तोंडाकडे पाहिलं. कॉफी घेतेस का, असं विचारायला उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"वाट निसरडी झाली आहे," ती म्हणाली. "जपून उतरा तुम्ही."

'तुम्ही' म्हणाली. पायऱ्या उतरताना तो शब्द सुनिमच्या कानात बोचत राहिला. पण त्याच्या पुढच्या मंगळवारीही तिने एकच डबा नेला.

मालसुकच्या नजरेतून काही सुटायचं नाही. "वर दोन डबे जायचे ना गं?"

"यादीत एकच नाव आहे."

"हो का? मग यादीलाच भरव की घास." मालसुकने लसणाची पाकळी ताटात आपटली. "काय झालंय तुला? चेहरा बघ, आंबलेल्या मुळ्यासारखा."

सुनिम मुळा चिरत राहिली. टेकडीवरचं काम दुसऱ्या कुणाला द्या, असं पाळकसाहेबांना सांगायचं तिने ठरवलं होतं, पण कारण काय सांगायचं, ते सुचत नव्हतं.

मग बर्फ पडलं. त्या मंगळवारी बायका नुकत्या भांडी चढवत होत्या, तेवढ्यात तळघराचं दार उघडलं आणि उंबऱ्यात बुनी दिसली. टेकडीच्या पायऱ्या ती उभ्याने उतरलीच नव्हती. एकेक पायरी बसून, घसरत खाली आली होती. पायजमा मागून फाटून भिजला होता, पायात नुसते मोजे. इतक्या बायकांमधून तिने सुनिमलाच शोधलं.

"ताई पडल्या," ती म्हणाली. "चुलीपाशी. हलताच येत नाही त्यांना. फोन लावला, पण पलीकडचा माणूस काय विचारतोय ते मला ऐकूच येईना. मग आले."

सुनिमच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

अग्निशमन दलाची माणसं आली. त्यांच्यामागून सुनिम आणि आणखी दोघी वर धावल्या. ओकदान चुलीशेजारी आडवी, कंबरेखाली पाय भलत्याच बाजूला वळलेला. वेदनेने ओठ पांढरे पडले होते, तरी स्ट्रेचरवरून पायऱ्या उतरवताना ती बजावत होती, "हळू रे बाबांनो, मी माशांची पेटी नाही." आणि थोड्या वेळाने, "ती कुठे आहे? तिच्या पायात काही आहे का?"

इस्पितळात पोचेपर्यंत इंजेक्शनने तिला गुंगी आली होती. नर्स कागद घेऊन बाहेर आली. तरुण होती, घाईत होती.

"पेशंटचं कोण आहे? नातं काय?"

बुनी बाकाच्या कडेवर बसली होती. तिने हात मांडीवर एकावर एक ठेवले. "कुणी नाही," ती म्हणाली. "एका घरात राहतो आम्ही."

"मग आत जाता येणार नाही, आजी. घरचं माणूस लागेल." नर्स सुनिमकडे वळली. "आणि तुम्ही?"

सुनिमने बुनीच्या पायांकडे पाहिलं. भिजलेल्या मोज्यांतून फरशीवर पाणी साचलं होतं. एका मोज्याच्या टाचेला नीटस रफू केलेला होता. आपण चर्चमधून आलोय, एवढं सांगून ती मोकळी होऊ शकली असती. बुनीनेही तिच्याकडून आणखी काही मागितलं नव्हतं. ती फक्त त्या बंद दाराकडे बघत होती, मान वळवून, डोळे न हलवता. तसं दाराकडे बघणारं माणूस सुनिमने पूर्वी पाहिलं होतं.

"या धाकट्या," सुनिम म्हणाली. "त्या थोरल्या आणि या धाकट्या. एकाच घरच्या आहेत."

"असं होय, बहिणी! मग तसं सांगायचं ना, आजी." नर्सने दार धरून ठेवलं. "या, या आत."

सुनिमने तिचा गैरसमज दूर केला नाही. बुनी उठली, दोन पावलं गेली आणि मागे वळून तिने सुनिमच्या बाहीला नुसता हात लावला.

ऑपरेशन झालं. रात्री इस्पितळात कुणाला थांबू देत नव्हते आणि टेकडीवरच्या खोलीतला विस्तव केव्हाच विझला होता. सुनिमने बुनीला आपल्या घरी नेलं. असं करायचं तिने ठरवलं नव्हतं. टॅक्सीवाल्याने "कुठे?" विचारलं आणि तिच्या तोंडून दुकानाचा पत्ता गेला.

घरी आल्यावर तिने घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि बुनीचे पाय त्यात ठेवले. पायांची कातडी निळसर झाली होती. ती खाली बसून ते हळूहळू चोळू लागली.

"राहू दे गं," बुनी म्हणाली. "तुला माझी किळस आली होती. कळलं होतं मला."

सुनिमचे हात थांबले नाहीत. वरही बघवेना. पाण्याकडे बघतच तिने आईचं सगळं सांगितलं. बंदरापलीकडचं घर, तांदूळ, चिक्की, भिंतीकडे वळलेलं तोंड. इतकं सलग ती कुणाशीच बोलली नव्हती, नवऱ्याशीही नाही.

बुनीने पायजम्याचा ओला काठ वर ओढला.

"मला काकाने एका माणसाच्या घरी आणून सोडलं," मग ती म्हणाली. "सांगितलं होतं, बायको मेलीये त्याची. गाठोडं घेऊन दारात उभी राहिले, तर चुलीपुढे बायको बसलेली! ताईंना मूल होत नव्हतं म्हणून मला आणलेलं. त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्या उठल्या, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, जेवलीस का? मी नाही म्हटलं. भात वाढला मला. आणि मी जेवत असताना परसात जाऊन रडल्या. मला ऐकू येत होतं. तेव्हा कान चांगले होते ना माझे."

"आणि तुम्ही?"

"मी जेवले. भूक लागली होती." तिने पाण्यात पाय हलवले. "मुलगा झाला. त्याला मी पाजलं, ताईंनी वाढवलं. मोठा झाला तसा बापाबरोबर माकुलीच्या बोटीवर जायला लागला. एकदा गेली ती बोट परत आलीच नाही. दोघंही गेले. लोक म्हणाले, आता ही धाकटी जाईल निघून. ताई म्हणाल्या, जाईल कुठे? आणि गेली तर माझ्या पोरासाठी माझ्याबरोबर रडणार कोण?"

बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ सारत होतं.

"माफी मागितली का तुम्ही त्यांची कधी?"

"नाही गं. रोज समोरासमोर बसून जेवायचं, तर माफी मागायची तरी कधी?" बुनीने डोळे पुसले, पण आवाज सरळ होता. "तुझ्या त्या बाईचं मला माहीत नाही. ती वाईटही असेल. तुझ्या आईचा राग मी काही पुसून टाकू शकत नाही, आणि टाकूही नये. काय नाव होतं आईचं?"

"पिलसुन."

"पिलसुन," बुनी म्हणाली. मग आणखी एकदा, जपून, गरम वाटी हातात धरावी तसं. "चांगलं नाव आहे."

सुनिमने टॉवेलने तिचे पाय पुसले आणि तो टॉवेल तसाच आपल्या तोंडावर धरला. बुनीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती शांत होईपर्यंत काढला नाही.

ओकदान इस्पितळात बरी होत गेली, तशी तिची जीभही परत जागेवर आली. बुनीला रोज सुनिम नाहीतर चर्चची कुणी बाई घेऊन जायची. "ही नसली की गोळी उतरत नाही घशाखाली," असं ओकदान नर्सेसना सांगायची, आणि बुनी आली की "आलीस का मेले, उशीर केलास" म्हणायची. पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, पायऱ्या आता बंद. वृद्धाश्रमात जागा होती, ती एकीला.

"मग मला टेकडीवर नेऊन टाका," ओकदान म्हणाली. "मी मरेपर्यंत खाली उतरत नाही, झालं? पायऱ्यांचा प्रश्न मिटला."

चर्चच्या मागच्या बाजूला पूर्वीच्या राखणदाराची तळमजल्यावरची खोली रिकामी पडून होती. जुन्या खुर्च्या, नाताळचं सामान, फुटका ऑर्गन. ती दोघींना द्यावी, असं मालसुकने सुचवलं आणि रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यावर बैठक बसली. दोघींचं खरं नातं एव्हाना सगळ्या बंदराला कळलं होतं.

"द्यायला आमची ना नाही," वडीलमंडळातले एक गृहस्थ घसा साफ करून म्हणाले. "पण एका नवऱ्याच्या दोन बायका, चर्चच्या आवारात... लोक काय म्हणतील?"

पाळकसाहेब वयाने लहान होते. त्यांचे कान लाल झाले आणि ते पायाखालची फरशी निरखू लागले.

सुनिम अशा बैठकांत तोंड उघडायची नाही. ती उठून उभी राहिली, तेव्हा मालसुकसुद्धा वळून बघायला लागली.

"तो नवरा समुद्रात बुडून जमाना झाला," ती म्हणाली. "त्याला कुणी इथे राहायला बोलवत नाहीये. राहणार आहेत त्या दोन म्हाताऱ्या. एकमेकींशिवाय त्यांना कुणी नाही. त्यांना वेगळं करायचं असेल तर ज्याला करायचंय त्याने स्वतः जाऊन ओकदान आजींना सांगावं. मी नाही जाणार."

"मीही नाही," मालसुक म्हणाली. "त्यांचं तोंड ऐकलंय मी."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, घसा साफ करणारे गृहस्थही. पाळकसाहेबांनी डोकं वर केलं आणि म्हणाले, "खुर्च्या मी हलवतो. ऑर्गनला मात्र चौघं लागतील."

बर्फ वितळून टेकडीवर पिवळी फुलं आली, तेव्हा सामान उतरवलं. सामान ते कितीसं असणार? गोधड्या, लोणच्याचे माठ, एक कपाट. तरी माठ उतरवता उतरवता माणसांच्या नाकी नऊ आले. ओकदान खाली चाकाच्या खुर्चीत बसून प्रत्येक माठाला नावाने हाक मारावी तशी ओळखत होती आणि ओरडत होती. बुनी नव्या खोलीची जमीन पुसत होती. सुनिम सकाळपासून वरखाली करत होती. पडदे तिनेच शिवले होते, ते लावून झाल्यावर ती गरम जमिनीवर जरा टेकली. जरा टेकली ती आडवी झाली.

पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं. तिच्या अंगावर कुणीतरी गोधडी टाकली. तिला जाग होती, पण डोळे उघडवेनात.

"उठव तिला," ओकदानचा आवाज आला. कुजबुजायचा प्रयत्न होता, पण तिला तो कधी जमलाच नव्हता. "सार निवतंय."

"झोपू द्या, ताई. दमलीये."

"उपाशी झोपू देतात होय पोरीला? तुला काही कळतं का?"

"सार परत गरम करता येतं. झोप गेली की गेली."

"बघ, मग भूक लागून डोकं चढेल तिचं. तेव्हा तू बस डोकं दाबत."

"बसेन. तुम्ही आधी हळू बोला."

"मी हळूच बोलतेय!"

सुनिम कुशीवर वळली, गोधडी कानापर्यंत ओढली आणि त्या दोघींचं भांडण आणखी थोडा वेळ चालावं म्हणून तशीच डोळे मिटून पडून राहिली.